गाडी सुरू झाली, म्हणजे वायर बरोबर लागली का? जुन्या गाडीच्या कॉइलचा पूर्ण हिशोब

गॅरेजवाले, ऑटो इलेक्ट्रिशियन आणि स्पेअर पार्ट्सच्या दुकानदारांसाठी आज एक साधा प्रश्न आहे. जुन्या फियाटच्या इग्निशन कॉइलवर दोन बारीक वायरी असतात. त्या चुकून एकमेकींच्या जागी लागल्या, तर काय होईल?

ट्रेनिंगच्या बॅचमध्ये हा प्रश्न विचारला की बहुतेक पोरं सांगतात, "गाडी सुरूच नाही होणार, सर." काही म्हणतात, कॉइल जळेल.

दोन्ही उत्तरं चूक आहेत. गाडी सुरू होते. आयडलिंगलाही बऱ्यापैकी चालते. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतो आणि निघून जातो. खरी अडचण पुढे येते, कारण चूक तुमच्या गॅरेजमध्ये दिसत नाही. ती दिसते चढावर, भर मे महिन्यात, गाडीत पाच माणसं बसलेली असताना. तेव्हा गिऱ्हाईकाच्या डोक्यात तुमचंच नाव असतं.

व्हिडिओमध्ये हात कसे चालतात ते तुम्ही पाहिलं. हात तसेच का चालवायचे, ते इथे लिहितो.

आपल्याकडे या गाड्या आहेत कुठे?

यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, उमरखेड, कुठेही जा. जुन्या वाड्याच्या बाजूला, जिनिंगच्या शेडमध्ये किंवा शेतातल्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली एखादी पद्मिनी, अॅम्बेसेडर नाहीतर पेट्रोल जीप झाकलेली सापडते. आजोबांनी घेतलेली असते, वडिलांनी चालवलेली असते. आता नातवाला वाटतं की बहिणीच्या लग्नात ती दारात उभी राहावी.

पद्मिनी तर आपल्या महाराष्ट्राचीच गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली आणि मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० घराण्याच्या गाड्या बाहेर पडल्या. सत्तरच्या दशकात त्याच गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. पण गावोगावच्या घरांमधून ती गेलेली नाही.

या गाड्यांना स्कॅनर लागत नाही, लावायला जागाच नाही. मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि थोडं डोकं एवढंच भांडवल. मात्र पॉइंटवर काम केलेले जुने मिस्त्री आता हळूहळू काम सोडून राहिले आणि नव्या पोरांनी पॉइंट पाहिलेलेच नाहीत. म्हणजे शिकून घेईल त्याला जागा मोकळी आहे.

कॉइल नेमकं करते काय?

शेतकऱ्याच्या पोराला हे लगेच समजतं. पाइपलाइनमधून पाणी जोरात वाहत असताना व्हॉल्व्ह झटकन बंद केला तर काय होतं? पाइप धाडकन दणका देतो. कधी जॉइंटही उडतो. पंपाचा दाब तेवढाच होता, तरी दणका त्याच्या कितीतरी पट बसतो, कारण वाहतं पाणी एकदम अडलं.

कॉइलमध्ये हेच घडतं. आत दोन वाइंडिंग असतात. एक जाड तारेचं, काहीशे वेढ्यांचं, ते प्रायमरी. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं, ते सेकंडरी. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट प्रायमरीतून वाहतो. पॉइंट उघडले की करंट झटकन तुटतो आणि दणका बसतो. प्रायमरीतच दोन-तीनशे व्होल्ट उठतात, आणि वेढ्यांच्या फरकामुळे सेकंडरीत ते काही हजार व्होल्टवर जातात. ती ठिणगी मधल्या जाड वायरीतून डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये आणि तिथून प्लगवर.

पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर विसरू नका. करंट स्वच्छ तुटावा आणि पॉइंटवर चटके बसू नयेत हे त्याचं काम. कंडेन्सर गेला की पॉइंट काळे पडतात आणि ठिणगी लेची होते.

आता वेग बघा. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठिणग्या. ३००० आरपीएमला मिनिटाला ६०००, म्हणजे सेकंदाला १००. एवढ्या घाईत प्रत्येक ठिणगी पुरेशी जोरदार पडली पाहिजे.

मग उलट वायरीने बिघडतं काय?

प्लगमध्ये दोन टोकं असतात. मधला इलेक्ट्रोड चिनीमातीत बसलेला, त्यामुळे तो जास्त तापतो. बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड प्लगच्या बॉडीला जोडलेला, तो तुलनेने थंड राहतो. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन लवकर सुटतात. म्हणून मधलं टोक निगेटिव्ह असलं की ठिणगी कमी व्होल्टमध्ये उडी मारते. उलट असेल तर थंड टोकावरून गरम टोकाकडे उडी मारावी लागते, आणि त्याला जास्त व्होल्ट लागतात.

कॉइलच्या दोन बारीक वायरी बदलल्या की दणक्याची दिशा बदलते आणि प्लगवरची पोलॅरिटी उलटते.

नवा प्लग, भरलेली बॅटरी आणि थंड सकाळ असेल, तर कॉइलकडे शिल्लक ताकद असते आणि फरक कळतच नाही. पण प्लग झिजलेला असेल, बॅटरी नरम असेल, कॉइल तापलेली असेल आणि चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर शिल्लक संपते. गाडी मिसिंग मारायला लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि बॉनेटखाली त्याहून वर. म्हणजे चूक उघडी पडायला यवतमाळचा उन्हाळा पुरेसा आहे.

एक गाडी, तीन गॅरेज

माझ्या दुकानावर दारव्ह्याकडचे एक निवृत्त गुरुजी पार्ट्ससाठी आले होते. गाडी पद्मिनी. म्हणाले, "भाऊ, गाडी घरी मस्त चालते, पण चढ लागला का दम टाकून राहिली. मुलीचं लग्न आहे, विकून टाकू का?"

बिलं सोबतच आणली होती. पहिल्या गॅरेजने कार्बोरेटर उघडून धुतला. दुसऱ्याने प्लग, पॉइंट आणि कंडेन्सर बदलला, थोडे दिवस बरं वाटलं. तिसऱ्याने पेट्रोल पंपाचं किट टाकलं आणि कार्बोरेटर पुन्हा उघडला. तिघांनीही लबाडी केलेली नव्हती, पार्ट्स खरंच नवे होते. फक्त त्याच्याही आधी कधीतरी कॉइल बदलताना वायरी उलट लागल्या होत्या, आणि गाडी सुरू होते म्हणून त्या दोन वायरींकडे कोणी पाहिलं नव्हतं. नव्या प्लगने थोडे दिवस बरं का वाटलं, ते तुम्हाला आता कळलं असेल: नव्या प्लगला व्होल्ट कमी लागतात.

दोन नट सैल करून वायरी बदलल्या. खर्च शून्य. गुरुजींनी गाडी विकली नाही.

मंडळी, इथे वाया गेले ते फक्त बिलाचे पैसे नव्हते. चांगली गाडी भंगाराच्या भावात जाणार होती, आणि तीन गॅरेजांचं नाव एका घरात कायमचं खराब झालं होतं.

पाठ करायचा एकच नियम

बॅटरीचं जे टोक बॉडीला, कॉइलची तीच खूण डिस्ट्रिब्युटरला.

दुसरी खूण आपोआप इग्निशन स्विचच्या वायरीला जाते. आता हा नियम गाड्यांना लावून बघू.

१. निगेटिव्ह बॉडीला असेल (पद्मिनी आणि आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्या): कॉइलचं – डिस्ट्रिब्युटरला, + स्विचला. बॉश पद्धतीच्या कॉइलवर आकडे असतात: १५ म्हणजे स्विच, १ म्हणजे डिस्ट्रिब्युटर, ४ म्हणजे मधली जाड वायर.

२. पॉझिटिव्ह बॉडीला असेल: बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या अशा होत्या, आणि आपली अॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातली. म्हणून फार जुनी ब्रिटिश वंशाची गाडी आली की आधी बॅटरी बघा. इथे + डिस्ट्रिब्युटरला आणि – स्विचला जातं. हे वाचायला उलटं वाटतं, पण बरोबर आहे.

३. कॉइलवर + – नसून एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असेल: ही जुन्या लुकास पद्धतीची कॉइल. एसडब्ल्यू म्हणजे स्विच, सीबी म्हणजे कॉन्टॅक्ट ब्रेकर, अर्थात पॉइंट. ती पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीसाठी बनलेली असते. कोणी नंतर गाडी निगेटिव्ह अर्थ करून घेतली असेल, तर या कॉइलच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात. नाव वाचून लावल्या तर चूक होते.

वायरीच्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. लुकासच्या वायरिंगमध्ये कॉइलकडे येणारी वायर पांढरी आणि कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणारी पांढरी-काळी असायची. पण पन्नास वर्षांत तीन वेळा वायरिंग झालेल्या गाडीत, जी वायर हाताशी होती ती लागलेली असते. वायर हाताने शेवटपर्यंत शोधा किंवा मीटरने कन्टिन्युइटी तपासा.

दुसरी चूक: कॉइलच चुकीची

बारा व्होल्टच्या कॉइल दिसायला सारख्या, पण आतून दोन प्रकारच्या. साध्या कॉइलची प्रायमरी साधारण ३ ओहम. बॅलास्टवाल्या कॉइलची साधारण दीड ओहम, आणि तिच्या रस्त्यात बाहेर एक रेझिस्टर असावाच लागतो.

गणित करा. १२ भागिले ३, म्हणजे ४ अँपिअर. हे पॉइंट सहन करतात. दीड ओहमची कॉइल रेझिस्टरशिवाय लावली तर ८ अँपिअर. पॉइंट जळतात आणि कॉइल हात लावू देत नाही. उलट, ३ ओहमच्या कॉइलला जुना रेझिस्टर तसाच राहिला तर करंट कमी पडतो आणि ठिणगी अशक्त होते.

जुन्या पेट्रोल जीपमध्ये आणखी एक गोष्ट बघा. मूळ विलीज जीप ६ व्होल्टची होती. पुढे कोणी १२ व्होल्टची करून घेतली असेल, तर कॉइलही बदलली होती का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

म्हणून दुकानदारांना सांगतो: काउंटरवर मल्टिमीटर ठेवा. "फियाटची कॉइल द्या" म्हटलं की डबा उचलून देण्याआधी प्रायमरीचे ओहम मोजा आणि डब्यावर पेनने लिहा. अर्धा मिनिट लागतो, आणि परत येणारा माल वाचतो.

कामाचा क्रम

१. काही काढण्याआधी मोबाइलवर दोन फोटो घ्या: बॅटरीचा एक, कॉइलचा एक. दोन्ही बारीक वायरींना कागदी टेप लावून कुठली कुठे जाते ते लिहा.

२. बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते डोळ्यांनी बघा. अंदाज नको.

३. बॉडीला जोडलेलं बॅटरीचं टोक काढा. मगच कॉइलला हात लावा.

४. जुन्या आणि नव्या, दोन्ही कॉइलची प्रायमरी मोजा. रेझिस्टर आहे का, तेही बघा.

५. नियमाप्रमाणे वायरी लावा. टर्मिनल घासून स्वच्छ करा, नट घट्ट करा. मधली जाड वायर आतपर्यंत बसली पाहिजे. अर्धवट बसली तर आत ठिणग्या पडून टर्मिनल खाल्लं जातं.

६. जुन्या रेडिओसाठी लावलेला आवाज दाबणारा कंडेन्सर असेल, तर तो स्विचच्या बाजूलाच ठेवा. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला गेला की ठिणगी कमजोर होते.

७. बॅटरी जोडा आणि स्विच ऑन करून मीटर लावा. बाहेरचा रेझिस्टर नसलेल्या गाडीत पॉइंट मिटलेले असताना स्विचच्या बाजूला जवळपास बॅटरीइतके व्होल्ट आणि डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला जवळपास शून्य दिसलं पाहिजे. पॉइंट उघडे असताना दोन्हीकडे बॅटरीइतके. रेझिस्टर नसताना स्विचच्या बाजूलाच व्होल्ट कमी दिसले, तर दोष कॉइलचा नाही, स्विच किंवा जॉइंटचा आहे.

८. इंजिन बंद ठेवून स्विच ऑन सोडू नका. पॉइंट मिटलेले असतील तर ३ ओहमची कॉइलसुद्धा जवळपास ५० वॅटने तापत राहते. तेलाची कॉइल अशाने फुगते, कधी फुटतेही.

गाडीत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवलेलं असेल तर दुप्पट सावध राहा. कॉइल उलटी वायर सहन करते. किटला उलटा करंट गेला तर ते बहुधा तिथेच मरतं.

खुणा पुसल्या असतील तर?

जुन्या कॉइलवर + – दिसत नाहीत, हे नेहमीचं आहे. अशा वेळी दोन उपाय.

पहिला, प्लग वाचा. बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड आतल्या बाजूने वाटीसारखा खाल्लेला दिसला, तर पोलॅरिटी बरेच दिवस उलट असल्याची शंका घ्या.

दुसरा, पेन्सिलची चाचणी. इंजिन चालू असताना एका प्लगची वायर इन्सुलेटेड पक्कडीने पाच-सहा मिलिमीटर वर धरायची आणि लाकडी पेन्सिलचं टोक ठिणगीच्या मधोमध न्यायचं. पेन्सिलच्या टोकाच्या एका बाजूला ठिणगी फुललेली, नारिंगी दिसते. ती प्लगच्या बाजूला फुलली तर पोलॅरिटी बरोबर, वायरीच्या बाजूला फुलली तर उलट. संध्याकाळच्या अंधारात छान दिसतं. पण रबरी हातमोजे हवेत, पेट्रोलची गळती कुठेही नको, आणि ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी हे काम करायचं नाही, जवळही उभं राहायचं नाही. नवख्या पोराला एकट्याने करू देऊ नका.

आता धंद्याचं बोलू

पहिली गोष्ट, तपासणीचे पैसे वेगळे लावा. आपल्याकडे पार्ट बदलला तरच पैसे मागायची सवय आहे, आणि म्हणूनच गरज नसताना पार्ट बदलले जातात. समजा तुम्ही तपासणीचे ३०० रुपये आधीच सांगितले आणि दोष दोन वायरींचाच निघाला. तुमची मजुरी सुटली, गिऱ्हाईकाचे हजारो वाचले, आणि तो हे चार जणांना सांगतो.

दुसरी गोष्ट, जॉबकार्डवर तीन ओळी छापून घ्या: बॉडीला कोणतं टोक, कॉइलचे ओहम किती, रेझिस्टर आहे की नाही. त्याचा फोटो गिऱ्हाईकाला व्हॉट्सअॅप करा. उद्या दुसऱ्या मिस्त्रीने हात घातला तरी तुमचं काम कसं होतं याचा पुरावा राहतो.

तिसरी गोष्ट, काढलेली जुनी कॉइल पिशवीत घालून मालकाला परत द्या. अशा गाडीच्या मालकाला मूळ पार्टची किंमत तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असते.

चौथी गोष्ट कागदांची. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. गाडीच्या चासी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल केलेला चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. "गाडी तयार करून द्या, लग्नात भाड्याने फिरवतो" असं कोणी म्हणालं, तर काम घेण्याआधी त्याला हे सांगा. पैसे खर्च झाल्यावर सांगितलेली खरी गोष्टही भांडण लावते.

एक प्रामाणिक सल्लाही देतो. फक्त व्हिंटेज गाड्यांवर यवतमाळात घर चालणार नाही, तेवढ्या गाड्याच नाहीत. रोजची भाकरी टू-व्हीलर, ट्रॅक्टर आणि आजच्या गाड्यांवरच मिळेल. पण पॉइंटवाल्या जुन्या बुलेटला हाच विचार लागतो, फक्त व्होल्ट आणि कॉइल तिच्या मापाची. आणि जो माणूस आजोबांची गाडी समजून दुरुस्त करतो, त्याच्याकडे त्या घरातल्या बाकीच्या गाड्याही येतात.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्याकडे येणाऱ्या पहिल्या पॉइंटवाल्या गाडीचं बॉनेट उघडा. गिऱ्हाईकाची तक्रार काहीही असो, आधी तीन गोष्टी वहीत लिहा: बॉडीला कोणतं टोक, डिस्ट्रिब्युटरला कॉइलची कोणती खूण, आणि प्रायमरी किती ओहम. पहिल्या दोन जुळल्या नाहीत तर कार्बोरेटरला हात लावू नका, आधी वायरी सरळ करा. मग गाडी घेऊन चढ असलेल्या रस्त्यावर चक्कर मारा, आणि मालकाला शेजारी बसवा.